इस्त्रीने चिकटवायची टेप: नाइट ड्युटीवालीचा अनुभव

महिन्यातले दहा-बारा दिवस मी सकाळी नऊला झोपते. स्टाफ नर्स आहे. नाइट संपवून घरी यावं तर पुण्यात धनकवडीच्या आमच्या भाड्याच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीतलं ऊन थेट उशीवर. आधी रेडिमेड पडदा आणला होता. खिडकीचे तयार पडदे पाच फुटी मिळतात, दाराचे सात फुटी. माझ्या खिडकीला लागतात 62 इंच. म्हणजे खाली दोन इंचांची फट उरली, आणि तीही नेमकी डोळ्यांवर येणारी. कापड आणून शिवून घ्यावेत म्हणून कोपऱ्यावरच्या टेलरकाकांना विचारलं, तर त्यांनी दिवाळीच्या ब्लाउजांचा ढीग दाखवला. "ताई, पडदे आता तुळशीच्या लग्नानंतर." मशीन माझ्याकडे नाही, आणि हाताने तुरपाई करायची तर माझे टाके फक्त माणसांवर सरळ पडतात.

म्हणून ही टेप मागवली. 1 इंच रुंद, 25 मीटरचं बंडल, 180 रुपये. पांढरी, जाळीदार, फुंकर मारली तर उडेल इतकी हलकी. ही जाळी म्हणजेच गोंद. दुमडलेल्या कापडाच्या आत ठेवायची, वरून इस्त्री दाबायची. ती वितळून दोन्ही थरांच्या धाग्यांत शिरते आणि थंड झाली की धरते. पाकिटात वापरायच्या सूचनांचा साधा कागदही नव्हता. पाच ताऱ्यांपैकी एक मी तिथेच कापलाय, कारण जे काही चुकलं ते त्या कागदाअभावी चुकलं.

कापड रविवार पेठेतून घेतलं. जाड सुती, गडद निळं, 48 इंच पन्हा (म्हणजे कापडाची रुंदी), 160 रुपये मीटरने 4 मीटर. दांडा 60 इंचांचा आहे (मालकीणबाईंनीच लावलेला, नवीन भोक पाडायला सक्त मनाई). दोन पन्हे मिळून 96 इंच होतात, म्हणजे चुण्याही बऱ्या पडतात. पन्ह्याचा खरा फायदा वेगळाच. कापडाच्या दोन्ही बाजूंना विणलेला काठ असतो, त्याचे धागे सुटत नाहीत. तो तसाच ठेवला की बाजू दुमडायच्याच नाहीत, चिकटवायचं फक्त वर आणि खाली. मी पाहिलेल्या बहुतेक व्हिडिओंत चारही बाजू चिकटवत बसतात. कशाला?

कापायच्या आधी कापड धुवा. हे मी आळस न करता केलं, त्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटते. कोऱ्या कापडाला खळ असते, तिच्यावर गोंद नीट धरत नाही. शिवाय सुती कापड आटतं. माझं 4 मीटरचं 3 मीटर 84 सेंटिमीटर झालं. पडदा झाल्यावर आटलं असतं तर फट पुन्हा होतीच.

आता चूक. पहिल्या पडद्याला मी नेहमीच्या सवयीने इस्त्री फिरवली. आतली टेप सरकली, अर्धी बाहेर आली आणि इस्त्रीच्या तळाला चिकटली. जळक्या प्लास्टिकसारखा वास, कापडावर चिकट डाग, रूममेट धावत आली. माझी इस्त्री जुनी, साध्या पत्र्याची, म्हणून कागदावर मीठ पसरून त्यावर गरम इस्त्री घासली तेव्हा साफ झाली. काळा लेप असलेल्या इस्त्रीवर हा प्रयोग करू नका, ओरखडे पडतील.

दुसऱ्या पडद्याला शहाणपण आलं. ओला करून पिळलेला रुमाल वर पसरायचा, इस्त्री ठेवायची, दहा-बारा आकडे मोजायचे, उचलायची, पुढे ठेवायची. घासायची नाही, दाबायची. रुमाल चरचरतो, वाफ निघते, आणि तो कोरडा झाला की समजायचं झालं. मग ती जागा गार होईपर्यंत हात लावायचा नाही. मी लगेच ओढून बघितलं तिथे चक्क च्युइंगमसारख्या तारा निघाल्या. गार झाल्यावर त्याच जागी दोन्ही हातांनी ताणलं तरी हललं नाही. 48 इंचांची एक पट्टी व्हायला पंचवीस मिनिटं लागली. कंटाळवाणं काम आहे, पण रेडिओ लावून होतं.

टांगायला बोहरी आळीतून क्लिपवाल्या रिंगा घेतल्या, 14 नग 220 रुपये. एका पडद्याला सात, आठ-आठ इंचांवर. माप दांड्यापासून घेऊ नका, क्लिपेच्या तोंडापासून घ्या, नाहीतर क्लिप लोंबते तेवढा पडदा जास्त लांब होतो. क्लिपा चांगल्या आहेत, पण त्यांच्याकडून हमालाची अपेक्षा ठेवू नये. पूर्ण अंधार व्हावा म्हणून मी पडद्यामागे त्याच क्लिपांत सोलापुरी चादर अडकवली होती. दुपारी साडेबाराला धप्प. अर्धवट झोपेत वाटलं पेशंट पडला, मी उठून उभी! चादर पांघरुणात परत गेली, तिच्या जागी काळं सुती अस्तर आलं. तेही न चिकटवता, पडद्याच्या मागे त्याच क्लिपेत धरलंय. अस्तर टेपने चिकटवायच्या भानगडीत पडू नका. दोन कापडं धुतल्यावर वेगवेगळी आटतात आणि पडद्याला फुगे येतात.

रूममेटला तिचा पॉलिस्टरचा झुळझुळीत पडदा याच टेपने आखूड करून हवा होता. सुतीची उष्णता ठेवली तर कापड आक्रसून चकाकायला लागलं, कमी केली तर टेप वितळेना. मधे सुती रुमाल घालून, थांबत थांबत कसंबसं जमवलं. अजून आहे चिकटलेलं, पण इस्त्रीची त्रिकोणी खूण उजेडात दिसते. सिंथेटिकसाठी घेत असाल तर आधी चिंधीवर करून बघा.

दोन महिन्यांत पडदे दोनदा धुतले, गार पाण्यात, हाताने. एका कोपऱ्यात चार बोटं उसवलं, आणि तो दोष टेपचा नाही. पडदा वाऱ्याने उडू नये म्हणून खालच्या पट्टीत मी प्रत्येक कोपऱ्याला एक रुपयाची दोन-दोन नाणी घातली होती. धुताना ती आपटून आपटून गोंद सुटला. नाणी काढली, टेपचा नवा तुकडा घालून इस्त्री दाबली, परत धरलं. बाकी सगळं जसंच्या तसं. पहिल्या पडद्यावरचा डाग मात्र गेला नाही, तो मी भिंतीकडच्या बाजूला लावलाय.

कापड, टेप, क्लिपा धरून खर्च हजार-अकराशेच्या आसपास, अस्तर वेगळं. भाड्याच्या घरासाठी, सुती कापडासाठी जरूर घ्या. पाचपैकी चार तारे. बंडलातली वीसेक मीटर टेप उरली आहे. हुरूप येऊन ड्युटीच्या पँटचा बॉटमही हिनेच दुमडला होता, तर तिसऱ्या धुण्याला सुटला. ड्युटीचे कपडे मी गरम पाण्यात, मशीनमध्ये टाकते. ती पँट तेवढी टेलरकाकांकडे दिली आहे.