नोकरी लागण्याआधी फूट पेडल घ्यावे का?

मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा, म्हणजे डॉक्टरांनी इंग्रजीत बोलून ठेवलेल्या नोंदी (डिक्टेशन) ऐकून त्यांचे रिपोर्ट टाईप करण्याच्या कामाचा, कोर्स पूर्ण झाला आहे, चार-पाच कंपन्यांच्या चाचण्या देऊन झाल्या आहेत, आणि तरीही कुठूनच होकार आलेला नाही, अशा अवस्थेतील मुले-मुली मला एक प्रश्न हमखास विचारतात: हातात काम नसताना फूट पेडलवर तीन-साडेतीन हजार रुपये घालावेत का? वीस वर्षे हे काम केल्यावर, आणि त्यातील शेवटची नऊ वर्षे इतरांचे रिपोर्ट तपासण्यात गेल्यावर, माझे उत्तर असे आहे की जमत असेल तर जरूर घालावेत. मात्र पेडलने टायपिंगचा वेग वाढतो, हे दुकानदार सांगतो ते कारण त्यामागे नाही. पेडलमुळे कान तयार होतो, आणि या धंद्यात काम मिळते व टिकते ते कानावर.

वस्तू तशी साधी आहे. पायाखाली ठेवायच्या या यूएसबी पेडलला तीन पट्ट्या असतात. मधली दाबली की डिक्टेशन सुरू होते व पाय उचलला की थांबते, डावीने ते मागे जाते आणि उजवीने पुढे. संगणकावर त्याच्या जोडीला आवाज चालवणारी प्रणाली लागते. सरावासाठी मी एक्सप्रेस स्क्राइब सुचवते. ती ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील एनसीएच सॉफ्टवेअर या कंपनीची आहे, तिची विनामूल्य आवृत्ती मिळते, आणि तीत आवाज जाड-बारीक न होता वेग कमी-जास्त करता येतो. नोकरी लागल्यावर बहुतेक कंपन्या स्वतःचीच प्रणाली देतात, त्यामुळे सशुल्क आवृत्तीवर आधीच पैसे खर्चण्याची गरज नाही. ज्यांना पेडल आज परवडत नाही, त्यांनीही अडून बसू नये. या प्रणालीत कीबोर्डवरील एफ९ कळीने आवाज सुरू होतो, एफ४ने थांबतो व एफ७ने मागे जातो. माझ्या हाताखाली शिकलेल्या दोन मुलींनी पहिले तीन महिने या कळांवरच काढले आणि त्या दोघीही आज कामावर आहेत. फरक इतकाच की प्रत्येक वेळी बोट वरच्या ओळीत न्यावे लागते आणि शब्द अर्धवट असतानाच लक्ष तुटते. पेडलवर हात आपल्या जागी राहतात, डोळे पडद्यावर राहतात आणि ऐकणे अखंड चालते.

पेडल घेतल्यावर पहिल्याच दिवशी एक गोष्ट करावी. पाय उचलल्यावर आवाज आपोआप किती मागे यावा, हे ठरवण्याची सोय असते. ते अंतर एक ते दीड सेकंद ठेवावे. नवी माणसे ते शून्यावर ठेवतात, कारण तेच तेच शब्द पुन्हा ऐकू येतात याचा त्यांना त्रास होतो. पण वाक्याचा जो तुकडा दुसऱ्यांदा कानावर पडतो, त्यातच पहिल्या वेळी निसटलेला ‘नो’ किंवा ‘नॉट’ सापडतो. छातीत दुखत नाही असे डॉक्टरांनी सांगितलेले असताना रिपोर्टमध्ये छातीत दुखते असे जाणे, ही चूक मी तपासनीस म्हणून इतक्या वेळा पाहिली आहे की त्या दीड सेकंदाला मी पेडलचा सर्वांत मोठा गुण मानते.

आता कानाविषयी. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना आपले इंग्रजी कमी पडते असे वाटते, आणि दोन-तीन नकार पचवल्यावर त्यांची तशी खात्रीच होते. माझा अनुभव वेगळा आहे. त्यांचे इंग्रजी पुरेसे असते, परंतु त्यांनी वैद्यकीय शब्द डोळ्यांनी वाचलेले असतात, कानांनी ऐकलेले नसतात. पुस्तकात जो शब्द त्यांनी मनातल्या मनात ‘आयशेमिया’ असा वाचला, तो डॉक्टर ‘इस्किमिया’ असा उच्चारतात, आणि मग कानावर आलेला शब्द शब्दकोशात कुठे शोधावा हे कळत नाही. ‘झायफॉइड’ झेड अक्षराखाली शोधला तर जन्मात सापडणार नाही, कारण तो एक्सखाली आहे. ‘न्यूमोथोरॅक्स’ पी अक्षराने सुरू होतो, ‘युथायरॉइड’ ई अक्षराने, आणि ‘शोग्रेन’ या नावात एसच्या पाठोपाठ जे येतो, जे आपल्या कोणाच्याही स्वप्नात येणार नाही. मी २००५ साली पुण्यात कामाला लागले तेव्हा अकरा मिनिटांची हाडांच्या शस्त्रक्रियेची एक फाईल मला जवळजवळ तीन तास पुरली होती, आणि त्यातला बराचसा वेळ अशा शब्दांच्या शोधातच गेला. तेव्हापासून मी एक वही ठेवली. डाव्या बाजूला शब्द कानाला जसा आला तसा देवनागरीत लिहायचा आणि उजव्या बाजूला त्याचे खरे स्पेलिंग. ऐकलेला ध्वनी जशाच्या तसा टिपण्यासाठी देवनागरीसारखी लिपी आपल्या हाताशी आहे, हा आपला फायदाच आहे. तीन महिन्यांत त्या वहीची साठ पाने भरली आणि शोधाशोध झपाट्याने कमी झाली. पेडलवर एकच सेकंद दहादा, वेग सत्तर टक्क्यांवर आणून ऐकायचा, वहीत लिहायचा आणि मग शोधायचा, असा सराव रोज एक तास केला तरी पुष्कळ आहे.

या सरावातून दुसरी एक सवय लागते, आणि नोकरी टिकते ती तिच्या जोरावर. रक्तदाबासाठी दिले जाणारे हायड्रॅलाझिन आणि खाज किंवा अस्वस्थता यांवर दिले जाणारे हायड्रॉक्सिझिन ही नावे घाईत उच्चारली की जवळजवळ सारखी ऐकू येतात. दहा वेळा ऐकूनही नक्की होत नसेल, तर रुग्णाला उच्च रक्तदाब आहे का, इतर औषधे कोणती आहेत, मात्रा कोणत्या औषधाला शोभते, हे पाहावे. आणि तरीही शंका उरली तर तेथे ब्लँक सोडून टिपणी लावावी. नवीन माणसाला ब्लँक सोडण्याची लाज वाटते. आपल्याला काम येत नाही असे वरच्यांना वाटेल या भीतीने तो अंदाजाने औषध लिहून मोकळा होतो. तपासणाऱ्याच्या बाजूने सांगते: जागेवर सोडलेला ब्लँक मी अर्ध्या मिनिटात भरते आणि त्याचे मला काहीच वाटत नाही, पण आत्मविश्वासाने लिहिलेले चुकीचे औषध पाहिले की त्या माणसाची पुढची प्रत्येक फाईल मला पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकावी लागते. आकड्यांचेही तेच. फिफ्टीन आणि फिफ्टी यांत शंका असेल तर पुढचे-मागचे ऐकावे. दशांशचिन्हाच्या आधी शून्य लिहावे आणि पूर्ण आकड्यानंतर दशांशशून्य (५.० असे) कधीही लिहू नये, कारण ठिपका पुसट दिसला की पाचाचे पन्नास होतात. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ सालापासून असे लिखाण वर्ज्य ठरवले आहे. अलाबामा राज्यातील एका खटल्यात, इन्सुलिनचे ८ युनिट टाईप होताना ८० झाले आणि रुग्ण दगावला म्हणून, २०१२ साली ज्युरीने १४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली होती, आणि ते टायपिंग भारतात झालेले होते. ही हकिगत मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. आपल्या कामाकडे स्वस्तातले टायपिंग म्हणून पाहणाऱ्या नातेवाइकांचे बोलणे ज्यांना ऐकावे लागते, त्यांनी या कामावर काय अवलंबून आहे ते स्वतःपुरते तरी ओळखावे, म्हणून सांगते.

मग मूळ चिंता उरतेच, की हे काम तरी राहणार आहे का. खोटा दिलासा मी देणार नाही. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॉक्टरांची डिक्टेशन्स बंगळूर, चेन्नई, मुंबई, पुणे येथे येऊ लागली तेव्हा जी मोठी भरती झाली, तशी आता होत नाही. ध्वनी ओळखणाऱ्या यंत्रणांनी पहिला मसुदा तयार करण्याचे काम घेतले आहे. या क्षेत्रातील मोठी कंपनी न्युआन्स २०२२ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि आता डॉक्टर व रुग्ण यांचे संभाषण ऐकून थेट नोंद तयार करणारी साधने रुग्णालयांत आली आहेत. नव्या माणसाला आज बहुधा कोरी फाईल मिळत नाही, तर यंत्राने लिहिलेला मसुदा मिळतो आणि तो ऐकत दुरुस्त करावा लागतो. अशा एडिटिंगचा ओळीमागचा दर टायपिंगपेक्षा कमी असतो, हे आधीच माहीत असलेले बरे. मात्र हे एडिटिंग करताना कानाची परीक्षा अधिक कडक होते. ताप नसलेल्या रुग्णासाठी डॉक्टर ‘एफेब्राइल’ म्हणतात आणि यंत्र त्याचे दोन तुकडे करून ‘ए फेब्राइल’ लिहिते, म्हणजे नेमके उलटे, ताप असलेला. पडद्यावर वाक्य सुबक दिसते, व्याकरणाची लाल रेघही येत नाही, आणि डोळा त्यावरून सहज घसरतो. येथे पायाखालचे पेडल आणि तो दीड सेकंदच उपयोगी पडतो. ज्यांचा कान तयार आहे, त्यांना एडिटिंगनंतर तपासनीस, डॉक्टरांसाठी दूरवरून नोंदी ठेवणारे स्क्राइब, पुढे अभ्यास वाढवला तर मेडिकल कोडिंग (आजार व उपचारांना ठरलेले सांकेतिक क्रमांक देण्याचे काम), अशा वाटा निघतात. माझ्या बरोबरीच्या सातजणींपैकी पाचजणी आज यांपैकी कुठे ना कुठे आहेत.

पेडलमध्ये दोष नाहीत असे नाही. माझ्या पहिल्या यूएसबी पेडलची मधली पट्टी चौदा महिन्यांत सैल झाली आणि विक्रेत्याने बिल नसल्याचे कारण देऊन हात वर केले, म्हणून बिल जपून ठेवावे. हलक्या वजनाचे पेडल गुळगुळीत फरशीवर सरकत जाते आणि रात्रीपर्यंत पोटरी दुखू लागते. खाली रबरी पायपुसणे टाकले की हा त्रास संपतो. जुन्या बाजारात घेणार असाल तर नऊ पिनांचे, सिरियल पोर्टला जोडायचे पेडल घेऊ नका, आजच्या लॅपटॉपला ते थेट जोडता येत नाही. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मला असे एक पेडल अगदी कमी किमतीत दाखवले गेले होते, आणि मोह झाला होता. हेडफोनवर मात्र काटकसर करू नका. पेडल आणि हेडफोन यांपैकी एकच घेणे शक्य असेल, तर आधी कान झाकणारा चांगला हेडफोन घ्यावा.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर एक कळकळीची सूचना. पेडलचे पैसे हा स्वतःवरचा खर्च आहे. काम देण्यासाठी कोणी तुमच्याकडून अनामत, नोंदणी शुल्क किंवा सॉफ्टवेअरची किंमत मागत असेल, तर तेथून उठून यावे. मी ज्या क्लासमध्ये शिकले, त्याने शंभर टक्के नोकरीचे वचन देऊन पूर्ण शुल्क घेतले आणि आमची तुकडी संपायच्या आत तो बंद पडला. वडिलांनी ते पैसे पतपेढीतून काढले होते. त्या दिवशी घरी जाऊन काय सांगावे हे मला सुचत नव्हते, आणि आज असे कोणी मला भेटते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला तो दिवस दिसतो. म्हणून सांगते, त्यात तुमचा दोष नसतो आणि शिकलेले वायाही जात नाही. आणखी एक: सरावासाठी कोणत्याही कंपनीतून खऱ्या रुग्णांच्या फाईली पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअॅपवर आणू नका, कोणी आपुलकीने दिल्या तरी नाही. अमेरिकेतील १९९६च्या हिपा कायद्याने रुग्णाची माहिती संरक्षित केली आहे, आणि या एका गोष्टीवरून माणूस त्याच दिवशी घरी जातो.

काम मिळाल्यावरचे पहिले तीन महिने सर्वांत कठीण असतात. अचूकता सहसा ९८ टक्क्यांच्या वर मागितली जाते आणि सुरुवातीला रिपोर्ट लाल होऊन परत येतात. माझे पहिल्या पंधरवड्यातले निम्म्याहून अधिक परत आले होते. तपासनिसाने केलेली प्रत्येक दुरुस्ती मूळ आवाज पुन्हा लावून, पेडलखाली ऐकावी. नुसती वाचून पुढे जाऊ नये. मी पाठवलेल्या दुरुस्त्यांवर ‘मॅडम, दुसऱ्या मिनिटाला मला अजूनही तसेच ऐकू येते’ असे लिहून विचारणारी मुलगी मला नेहमीच आवडते, आणि दोनदा तर त्या मुलीचेच बरोबर निघाले आहे.

माझे जुने पेडल सध्या भाचीकडे सोलापूरला आहे. तिला पाच ठिकाणी नकार मिळाला होता. सहाव्या चाचणीत तिने दोन जागा ब्लँक सोडल्या, प्रत्येकीपुढे मिनिट-सेकंद लिहिले आणि एका ठिकाणी दोन औषधांची नावे देऊन शंका नोंदवली. परवा तिचा फोन आला, ‘मावशी, त्यांनी पुढच्या फेरीला बोलावलंय, आणि त्या ब्लँकबद्दलच विचारत होते.’ सोमवारी तिची दुसरी चाचणी आहे, हृदयरोगाच्या फाईलवर. या आठवड्यात ती वहीची हृदयाची पाने काढून बसली आहे आणि पेडलची डावी पट्टी किंचित कुरकुरते अशी तिची तक्रार आहे. तिला सांगितले आहे की स्प्रिंगला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोड.