अभ्यासिकेतील रविवारचा इंग्रजी वर्ग : एक अभिप्राय

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी दर रविवारी इंग्रजीचा वर्ग भरतो. शब्दाचा अर्थ पाठ करून भागत नाही, तो कोठे शोभतो आणि कोठे खटकतो हे कळले पाहिजे, हा येथील सरांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

‘डेमॉन्स्ट्रेबली’ या क्रियाविशेषणाचा तास त्या दृष्टीने सांगण्याजोगा आहे. पेरणीच्या तोंडावर सरांनी घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून घेतले, गुंडाळी सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायला लावले आणि पुढच्या रविवारी ती सर्वांसमोर उघडून निरोगी कोंब मोजायला सांगितले. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी लागते. कोंब त्याहून जास्त भरले. ‘बियाणे चांगले आहे’ असे दुकानदारही म्हणतो, परंतु कोणालाही मोजून पाहता येईल असा पुरावा समोर ठेवून तेच म्हणता येते, तेव्हा ‘डेमॉन्स्ट्रेबली’ वापरावे, हे मुलांना तेथेच उमगले.

त्यानंतर जवळच्या शब्दांची फोड झाली. ‘एव्हिडंटली’मध्ये बहुधा दिसणाऱ्या खुणांवरून काढलेला निष्कर्ष असतो. ‘प्रूव्हेबली’ गणितात आणि संगणकशास्त्रात, काटेकोर सिद्धता देता येते अशा ठिकाणी, विशेष आढळते. ‘आर्ग्युएबली’चा अर्थ बरीच मुले ‘वादग्रस्त’ असा करतात. प्रत्यक्षात लेखक त्या विधानाच्या बाजूने युक्तिवाद करता येईल एवढेच सुचवत असतो, आणि उताऱ्यावरील प्रश्नांत हा फरक न कळल्यास उत्तर हमखास चुकते. ‘डेमॉन्स्ट्रेबली फॉल्स’ ही जोडी इंग्रजीत रुळलेली आहे, पण एखादी कविता ‘डेमॉन्स्ट्रेबली’ सुंदर आहे असे लिहिले तर ते खटकते, कारण सौंदर्य असे मोजून दाखवता येत नाही.

उणीव आहे ती लेखनाच्या सरावाची. तोंडी चर्चा उत्तम होते, मात्र मुलांनी स्वतः रचलेली वाक्ये वहीत तपासून मिळत नाहीत, आणि वर्णनात्मक उत्तरांसाठी त्याची नितांत गरज आहे. शिवाय कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी शेतात जाणाऱ्या मुलींचा वर्ग बुडतो. निदान त्या हंगामापुरती तरी सायंकाळची वेळ ठेवावी, अशी माझी संचालकांना कळकळीची विनंती आहे.