दिवसपाळीची मदतनीस : एका ब्युरोच्या सेवेचा सात महिन्यांचा अनुभव

अल्झायमर झालेल्या माझ्या सासूबाईंसाठी पुण्यातील एका ब्युरोकडून आम्ही सात महिने दिवसपाळीची मदतनीस घेतली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अनुभव असलेली बाई पाठवू, असे नोंदणीच्या वेळी सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात पहिल्या दोघींना अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा उत्तम येत होती, पण चालत्याफिरत्या आणि दर दहा मिनिटांनी ‘मला घरी जायचंय’ म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलावे, हे ठाऊक नव्हते. ‘आजी, हेच तुमचं घर’ असे त्या समजावत आणि वाद वाढत जाई.

तिसऱ्या आलेल्या मावशींनी वाद घातलाच नाही. दिवेलागणीला अशा रुग्णांची अस्वस्थता बहुधा वाढते. त्याआधीच त्या घरभर दिवे लावत आणि ‘जाऊ या, आधी एवढी मेथी निवडून होऊ द्या’ म्हणून जुडी पुढे ठेवत. सासूबाईंच्या बोटांना पाने खुडणे अजून आठवत होते. (निवडलेली पाने पुन्हा देठांत मिसळत, हा भाग वेगळा.)

माझी खरी तक्रार बदलीबाबत आहे. मावशी रजेवर गेल्या की न कळवता नवा चेहरा दारात उभा राही, आणि तोही नवखा माणूस स्वीकारणे ज्यांना सर्वांत अवघड, त्यांच्याच दारात. शुल्क वाजवी आणि हिशेब चोख होता. बदली मदतनीस आधी दोन दिवस मावशींसोबत काम करील, अशी अट आम्ही चौथ्या महिन्यात लेखी घातली, तेव्हापासून ब्युरोने ती पाळली. नोंदणी करणाऱ्यांनी ती पहिल्याच दिवशी घालावी.