टॉर ब्राउझर: वाचायला उत्तम, कामाला अडचणीचा

टॉर ब्राउझर हा इंटरनेटवर आपला माग लपवून वावरण्यासाठी असलेला मोफत ब्राउझर आहे आणि ते काम तो चोख करतो. तरीही जळगाव-धुळ्याकडच्या माणसाची रोजची ऑनलाइन कामे, म्हणजे सातबारा काढणे, पीक विम्याच्या अर्जाचे काय झाले ते पाहणे, खात्यात पैसे आले का ते तपासणे, ही त्यावर करायला बसल्यास बहुतेक वेळा दारातूनच परत यावे लागते. या परीक्षणात ब्राउझरच्या गुणांपेक्षा या अडवणुकीबद्दल अधिक लिहिले आहे, कारण नवख्याला वाटते की सॉफ्टवेअरच बिघडले आहे. वस्तुतः ते ठीक असते आणि नकार समोरून आलेला असतो.

यामागचे तंत्र 1990 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आकाराला आले, टॉरचे जाळे 2002 मध्ये सुरू झाले आणि 2006 पासून टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था त्याची देखभाल करते. आपण मागितलेले पान स्वयंसेवकांनी जगभर चालवलेल्या तीन संगणकांमधून फिरून येते. पहिल्याला आपला पत्ता कळतो पण आपण कुठे चाललो ते कळत नाही. तिसऱ्याला कुठे चाललो ते कळते पण कोण चालले आहे ते कळत नाही. मधला त्या दोघांची गाठ पडू देत नाही. पत्त्याच्या पट्टीतील छोट्या चिन्हावर क्लिक केले की हा मार्ग दिसतो: आधी हा ब्राउझर, मग जर्मनी, मग नेदरलँड्स, मग रोमानिया आणि शेवटी संकेतस्थळ. म्हणजे जळगावच्या नवी पेठेत बसून उघडलेले पान संकेतस्थळाच्या लेखी रोमानियातील कुणीतरी उघडलेले असते. पुढच्या बहुतेक भानगडींचे मूळ या शेवटच्या थांब्यात आहे.

एवढे लपवण्यासारखे आहे तरी काय, असा प्रश्न आपल्याकडे लगेच येतो. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबारच्या आदिवासी भागात, सिकलसेल हा आनुवंशिक आजार अनेक कुटुंबांत आढळतो. लग्नाच्या वयाला आलेल्या मुलीच्या आईने त्याची माहिती शोधली आणि मग घरात सगळे वापरतात त्या मोबाइलवर तपासणी केंद्रांच्या जाहिराती झळकू लागल्या, तर ते तिला नको असणे अगदी स्वाभाविक आहे. इन्कॉग्निटो खिडकी येथे पुरत नाही. ती फक्त आपल्याच यंत्रावरचा इतिहास ठेवत नाही, संकेतस्थळाला आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर आपली जोडणी ओळखणारा क्रमांक, दिसतच राहतो. व्हीपीएन, म्हणजे आपली वाहतूक स्वतःच्या सर्व्हरमधून नेऊन आपला पत्ता झाकणारी सेवा, घ्यावी तर एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार त्या कंपन्यांना ग्राहकांची नावे आणि पत्ते पाच वर्षे जपून ठेवावे लागतात, आणि याच कारणाने काही मोठ्या कंपन्यांनी भारतातील सर्व्हर काढून घेतले. टॉरला खातेच उघडावे लागत नाही, त्यामुळे जपून ठेवायला नावच नसते. भारतात त्याच्या वापरावर कायद्याने बंदीही नाही.

नुसते वाचण्यासाठी ब्राउझर चांगला आहे. देवनागरी नीट दिसते, जाहिरातींचा पाठलाग थांबतो, आणि वेग कमी असला तरी बातम्या किंवा लेख वाचताना तो खटकत नाही. व्हिडिओ पाहताना मात्र खटकतो. पानाच्या कडांना राहणाऱ्या राखाडी पट्ट्या हा दोष नाही, पडद्याच्या मापावरून आपण ओळखू येऊ नये म्हणून त्या मुद्दाम सोडलेल्या असतात. घड्याळाचेही तसेच आहे. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला जागतिक प्रमाणवेळ सांगतो, त्यामुळे रावेरच्या केळीचा भाव सकाळी अकराला जाहीर झाला असेल, तर पानावर साडेपाच अशी वेळ दिसू शकते. भाव तोच असतो, वेळेत साडेपाच तास मिळवून घ्यायचे.

खरी कसोटी पुढे आहे. एखादे मोठे संकेतस्थळ उघडावे तर पानाऐवजी ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ अशी चौकट येते. नऊ चित्रांतून झेब्रा क्रॉसिंग निवडायचे, मग वाहतुकीचे दिवे, मग रस्त्याकडेचा आग विझवण्याचा नळ. अमेरिकी रस्त्यावरचा हा बुटका नळ यावल किंवा शिरपूरच्या माणसाने पाहिलेला असण्याचे कारण नाही, तरी तो ओळखल्याशिवाय त्याचे माणूसपण मान्य होत नाही. उत्तर बरोबर दिले तरी नवी नऊ चित्रे हळूहळू उमटू लागतात, आणि तीही निवडली की कधी पान उघडते, कधी चौकट पहिल्यापासून सुरू होते. ब्राउझरची सुरक्षितता सर्वांत वरच्या पातळीवर ठेवली असेल तर जावास्क्रिप्ट, म्हणजे पानातील हालचाल चालवणारा कोड, बंद असते आणि पडताळणीच्या कित्येक चौकटी दिसतच नाहीत, म्हणजे सिद्ध करण्याची संधीही मिळत नाही.

असे का होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. शेवटच्या थांब्यावरचा एक संगणक एकाच वेळी असंख्य लोकांची ये-जा पाहतो आणि या थांब्यांची यादी सार्वजनिक असते. त्या गर्दीतील एखादा खोटी खाती उघडतो, पासवर्ड फोडू पाहतो किंवा पानेच्या पाने ओरबाडून नेतो, आणि आयपी पत्ता सर्वांचा एकच असल्याने शिक्षा सगळ्यांना होते. गल्लीतल्या एकाने उधारी बुडवली म्हणून किराणा दुकानदाराने अख्ख्या गल्लीला रोखीवरही माल नाकारावा, तसा हा व्यवहार आहे. संकेतस्थळांचे संरक्षण करणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने 2016 मध्ये टॉरवरून येणाऱ्या विनंत्यांपैकी 94 टक्के उपद्रवी असल्याचे म्हटले होते आणि टॉर प्रोजेक्टने तो आकडा कसा काढला यावर आक्षेप घेतला होता. आकड्याचा वाद बाजूला ठेवला तरी उपद्रव होतो, हे कोणी नाकारत नाही. मात्र आपल्या मोबाइल कंपन्याही एकाच आयपी पत्त्यामागे मोठ्या संख्येने ग्राहक बसवतात आणि त्यांच्यातही उपद्रवी असतात. त्यांना सरसकट दार बंद होत नाही, कारण तसे केले तर धंदाच बुडेल. टॉरवाल्यांची संख्या थोडी, म्हणून त्यांना अडवणे परवडते, असे माझे मत आहे.

सरकारी संकेतस्थळांची तऱ्हा निराळी आहे. त्यांतील अनेक भारताबाहेरून उघडतच नाहीत आणि टॉरचे शेवटचे थांबे बहुतांशी युरोप-अमेरिकेत आहेत. त्यामुळे बहुधा 403 हा आकडा आणि प्रवेश नाकारल्याची एक इंग्रजी ओळ एवढेच पाहायला मिळते, किंवा पान नुसतेच फिरत राहते. सेटिंगच्या फाइलमध्ये फक्त भारतीय थांबे वापरण्याची सूचना लिहिता येते, परंतु असे थांबे मोजकेच असल्याने आपण पुन्हा ओळखू येण्याजोगे होतो आणि टॉर प्रोजेक्टही तसे न करण्याचाच सल्ला देतो. शिवाय आधार क्रमांक देऊन ओटीपी मागवायचा आणि त्याच वेळी निनावी राहायचे, यात काही अर्थ नाही. बँकेचेही तेच. एका बँकेने परदेशातून लॉगिन झाल्याचे समजून माझे नेटबँकिंग थांबवले आणि ते सुरू करून घेण्यासाठी शाखेत जावे लागले. बँकेची सावधगिरी मी समजू शकतो. ईमेलसाठी नवे खाते उघडू पाहणाऱ्याकडे मोबाइल क्रमांक मागितला जातो, हा प्रकार मात्र निनावीपणाच्या मुळावरच येतो.

काही अडचणी ब्राउझरच्या स्वतःच्या आहेत. जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिरातीसाठी फोटो चढवला तर त्या जागी रंगीत ठिपक्यांचा गोंधळ दिसू शकतो, कारण फोटो लहान करण्यासाठी अशी संकेतस्थळे कॅनव्हास नावाची सोय वापरतात आणि तिच्यावरून यंत्र ओळखता येत असल्याने ब्राउझर तिला खरी माहिती देत नाही. पट्टीत येणाऱ्या चिन्हावरून परवानगी दिली की फोटो नीट चढतो. ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल करण्याचा मात्र नाद सोडावा.

नकार देण्याच्या रीतीतही फरक असतो. विकिपीडिया टॉरवरून सर्रास वाचता येतो, संपादन मात्र करू देत नाही; पण पान उघडे ठेवून, कारण स्पष्ट लिहून आणि गरजूला सवलत मागण्याची वाट दाखवून तो नकार देतो. याउलट फेसबुकने 2014 मध्ये आणि बीबीसीने 2019 मध्ये टॉरसाठी स्वतंत्र ओनियन पत्ते, म्हणजे फक्त टॉरमधूनच उघडणारे पत्ते, सुरू केले. तेथे वाहतूक टॉरच्या बाहेर पडतच नाही, त्यामुळे शेवटच्या थांब्याच्या बदनामीचा प्रश्न येत नाही.

अडल्यास पहिला उपाय म्हणजे मेन्यूतील ‘या साइटसाठी नवा मार्ग’ हा पर्याय; त्याने शेवटचा थांबा बदलतो आणि बंद दार पुष्कळदा उघडते. लॉगिन केलेले असताना तो वापरू नये, अचानक देश बदललेला पाहून संकेतस्थळ बाहेर काढू शकते. ब्राउझर टॉर प्रोजेक्टच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा आणि बँक, आधार, तिकीट यांसाठी नेहमीचा ब्राउझर शेजारी ठेवावा.

जळगाव-धुळ्यात बाजार समित्या, पतसंस्था आणि महाविद्यालये यांची संकेतस्थळे बांधून देणारे अनेक जण आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. क्लाउडफ्लेअरच्या नियमांत टॉरला देशासारखाच टी1 असा स्वतंत्र संकेत आहे. तो सरसकट रोखण्याऐवजी भाव, सूचना आणि निकालाची पाने त्याला मोकळी ठेवावीत आणि पडताळणीची चौकट फक्त लॉगिन व अर्जाच्या पानांवर लावावी. हा नियम लिहायला फारसा वेळ लागत नाही.