बातमी, निबंध, सीटीआरआय की दुसरं मत: कॅन्सरचे उपचार ठरवताना कशावर किती विसंबावं?

दरवर्षी मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला शिकागोत कॅन्सरतज्ज्ञांची ‘ॲस्को’ परिषद भरते आणि त्या दिवसांत आपल्याकडच्या पेपरांतही नव्या औषधांच्या बातम्या लागोपाठ येतात. घरात कुणाची केमो चालू असेल, तर तीच बातमी कोथरूडची मावशीही पाठवते आणि हडपसरचा भाचाही. तिच्यावरून काही ठरवायचं तर हाताशी चार गोष्टी असतात: ती बातमी, तिच्यामागचा शोधनिबंध, औषधांच्या चाचण्यांची सरकारी ऑनलाइन नोंदणी (सीटीआरआय) आणि दुसऱ्या तज्ज्ञाचं मत. प्रत्येकीचं काम वेगळं आहे.

बातमी आणि निबंध

बातमीतून एवढंच कळतं की असं काहीतरी आहे. ते आपल्या पेशंटला लागू पडतं का, हे निबंधात असतं. जून २०२२ मध्ये डोस्टारलिमॅब या औषधाने सगळ्याच पेशंटचा कॅन्सर गेल्याची बातमी सगळीकडे फिरली. मूळ निबंधात उपचार पूर्ण केलेले पेशंट होते १२. सगळे रेक्टमच्या (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या) कॅन्सरचे, दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजचे, आणि सगळ्यांच्या गाठीत ‘मिसमॅच रिपेअर’चा, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेचा दोष. असा दोष रेक्टमच्या कॅन्सरमध्ये शंभरातल्या पाच ते दहा जणांत आढळतो. २०२५ मध्ये याच प्रकारच्या ४९ पेशंटचे निकाल आले, तेव्हाही सगळ्यांची गाठ नाहीशी झालेली दिसली. म्हणजे बातमी खोटी नव्हती, पण होती त्या गटापुरती. म्हणून रेक्टमच्या पेशंटने डॉक्टरांना आधी विचारायचं ते हे: बायॉप्सीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यावर) एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या चार प्रथिनांची आयएचसी (प्रथिनं रंगवून बघण्याची) तपासणी झाली आहे का?

दुसरी अडचण टक्क्यांची. टाटा मेमोरियलने २०२३ मध्ये स्तनाच्या कॅन्सरवरचा मोठा अभ्यास छापला. ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन या जागा बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं, तर मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यातून दिसलं. हा आकडा वाचून अनेकांना वाटतं की शंभरातल्या २९ जणी जास्त वाचल्या. प्रत्यक्षात पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के बायका हयात होत्या, दिलेल्या गटात ९०.१ टक्के. फरक शंभरात जवळजवळ चार जणींचा. इतक्या स्वस्त, रोजच्या वापरातल्या औषधाने चार जणी वाचत असतील तर तेही आम्हाला फार मोलाचं वाटतं. पण अभ्यासातल्या बायका थेट ऑपरेशनला जाणाऱ्या होत्या. जिला आधी केमो दिली आहे किंवा जिचं ऑपरेशन होऊन गेलं आहे, तिला हा निष्कर्ष लावता येत नाही.

निबंधाचा सारांश पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या साइटवर फुकट वाचता येतो. औषधाचं ब्रँडचं नाव न टाकता जेनेरिक (औषधाचं मूळ) नाव टाका, सोबत आजाराचं नाव. मग तीनच गोष्टी शोधा: प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर किंवा पेशींवर, तुलनेला दुसरा गट होता का, आणि मोजलं काय. ‘आजार न वाढता गेलेला काळ’ आणि ‘एकूण आयुष्य’ या वेगळ्या मोजण्या आहेत. पहिली वाढली म्हणून दुसरी वाढतेच असं नाही. इंग्रजी जड जात असेल तर कॉक्रेन या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेचे सोप्या भाषेतले सारांश बघा.

सीटीआरआय

औषध बाजारात नसेल किंवा नेहमीचे उपचार करून झाले असतील, तेव्हा ही नोंदणी कामाची. ती २००७ पासून आहे आणि २००९ पासून भारतातल्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. आजाराच्या नावाने शोधा, मग चाचणीच्या केंद्रांत पुणे आहे का ते बघा. भरती चालू आहे की संपली, हा रकाना आधी वाचा. लोक बंद झालेल्या चाचणीसाठी फोन करत राहतात. त्यानंतर वगळण्याच्या अटी वाचा. आधी अमुक औषध घेतलेलं असणं किंवा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तातली मोजणी) वाढलेलं असणं, अशा कारणांवर बरेच जण इथेच गळतात. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत देण्याची जबाबदारी नियमानेच ठरलेली आहे.

दुसरं मत

चारांतलं एकच करणं शक्य असेल तर हे करा, आणि पहिल्या ऑपरेशनच्या किंवा पहिल्या केमोच्या आधी करा. एकदा गाठ काढली की आधी केमो द्यायची होती का, हा प्रश्न उरत नाही. तज्ज्ञ तुमच्या पेशंटचं वय, हृदय, किडनी आणि खिसा एकत्र बघतो. निबंधाला ते जमत नाही. डोके-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये टाटा मेमोरियलने निव्होलुमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं औषध फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, तोंडाने घ्यायच्या औषधांसोबत दिलं. वर्षभराने हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. पूर्ण डोस परवडत नाही म्हणून विषय सोडून देणाऱ्या घरात हे सांगणारा माणूस लागतो.

त्यासाठी मुंबईत परळच्या टाटाला जायलाच हवं असं नाही. पुण्यातच दुसऱ्या हॉस्पिटलच्या ट्यूमर बोर्डकडे (वेगवेगळ्या कॅन्सरतज्ज्ञांच्या एकत्र बैठकीकडे) फाइल देता येते, किंवा टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याशी जोडलेल्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेवर रिपोर्ट टाकता येतात. ग्रिडच्या उपचार-मार्गदर्शिकाही फुकट मिळतात. आपला उपचार त्यात कुठे बसतो हे डॉक्टरांसमोर बसून विचारा.

दुसरं मत फसतं ते बहुधा अपुऱ्या फाइलमुळे. पेट-सीटीचा नुसता कागद पुरत नाही, प्रतिमा असलेली सीडी लागते. केमोच्या तक्त्यात औषध, डोस आणि तारीख तिन्ही हवीत. बायॉप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड्स लॅबकडे असतात. लेखी अर्ज करून मागा, नोंद ठेवा, आणि एप्रिल-मे असेल तर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. ब्लॉक मेणाचा असतो, तो वितळला तर तपासणी अडते आणि पुन्हा बायॉप्सीची वेळ येऊ शकते.