शेवटचे उरलेले: पकडून वाढवायचे की पेशी गोठवायच्या?

एका मैत्रिणीला नामशेष होत चाललेल्या प्राण्यांसाठी देणगी द्यायचीय, पण या दोनपैकी कुठल्या कामाला यावर तिचं अडलंय. गोंडस फोटो बाजूला ठेवून बघू.

वेळ: १९८७ पर्यंत कॅलिफोर्निया काँडोर जातीची उरलेली सगळी २७ गिधाडं पकडून वाढवली, आज ती पाचशेच्या वर आहेत. गॅलापागोसमधल्या पिंटा बेटावरचं कासव ‘लोनसम जॉर्ज’ मात्र एकटंच सापडलं. दुसऱ्या बेटांवरच्या माद्या आणल्या, अंडीही झाली, पण पिल्लू एकही नाही. २०१२ मध्ये ते गेलं. गोठवलेल्या पेशींना घाई नसते. १९८८ मध्ये मेलेल्या काळ्या पायांच्या फेरेटचा (मुंगसासारखा छोटा प्राणी) क्लोन २०२० मध्ये जन्मला.

कष्ट: काँडोरच्या पिल्लाला माणसाची सवय लागू नये म्हणून हातात काँडोरच्या तोंडाची बाहुली घालून भरवतात. पेशींचं काम सोपं वाटतं, पण गर्भाला कूस लागतेच! उत्तरी पांढऱ्या गेंड्यांत उरल्यात फक्त नाजिन आणि फातू, मायलेकी. दोघींनाही गर्भ पेलवणार नाही. भिस्त दक्षिणी पांढऱ्या गेंड्यांच्या माद्यांवर.

खर्च दोन्हीकडे चिक्कार.

वीस-पंचवीस उरले असतील तर पैसे पकडून वाढवण्यालाच. एक-दोनच उरले असतील तर पेशींना, तेही ते जिवंत असतानाच.