रोसुवास्टॅटिन 10 की अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन 20: जेनेरिक गोळ्यांचं परीक्षण

जळगाव असो, धुळे असो की शहादा, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेलं की कोलेस्टेरॉलसाठी बहुतेक वेळा याच दोन गोळ्यांपैकी एक हातात पडते. आमचं मत आधीच सांगतो. दोन्ही उत्तम आहेत आणि जनऔषधी केंद्रातली जेनेरिक स्ट्रिप बिनधास्त घ्यावी. ही गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असते. ती परवडली तरच चालू राहते, आणि चालू राहिली तरच तिचा उपयोग होतो.

काम दोघींचं एकच. यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करतं. त्यासाठी लागणारं एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम गोळी अडवते. पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडलं की यकृत आपल्या पृष्ठभागावर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, पकडणारे रिसेप्टर (पकड-खुंट्या) वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेतं. या रिसेप्टरच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं. या गटातल्या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात; पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून शोधलं. ‘गोळीने रक्तनळीतली चरबी विरघळते’ असं सर्रास सांगितलं जातं, पण ते खरं नाही. नवा थर साचण्याचा वेग कमी होतो आणि जुना थर फुटून गुठळी होण्याचा धोका घटतो. हृदयविकाराचा झटका टळतो तो यामुळे.

रोसुवास्टॅटिन 10 मिलिग्रॅमने एलडीएल साधारण 45 टक्के उतरतं, अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन 20 ने त्याच्या जवळपास, आणि अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन 10 ने 35 ते 39 टक्के. यापुढे मात्र डोस दुप्पट केला तरी जेमतेम 6 टक्क्यांची भर पडते. म्हणून एलडीएल हट्टी असेल तर गोळी मोठी करत जाण्यापेक्षा एझेटिमिब 10 जोडणं बऱ्याचदा शहाणपणाचं ठरतं. ते आतड्यातून होणारं कोलेस्टेरॉलचं शोषण अडवतं आणि आणखी 20 टक्क्यांच्या आसपास घट देतं.

दोन्हींत निवड करायची तर मूत्रपिंड पाहा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) बरंच वाढलेलं असेल तर अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन सोयीचं, कारण त्याचा डोस त्यासाठी बदलावा लागत नाही. रोसुवास्टॅटिनला तिथे मर्यादा येते. शिवाय भारतीयांच्या रक्तात रोसुवास्टॅटिनची पातळी गोऱ्या लोकांपेक्षा जास्त चढते, म्हणून 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात हा सल्ला अगदी योग्य आहे. रोसुवास्टॅटिनची दुसरी अडचण अँटासिडची. झणझणीत शेवभाजी किंवा भरीत-पुरीनंतर जळजळतं म्हणून अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पातळ औषध आणि गोळी एकदमच घेतली, तर गोळीचं शोषण जवळपास निम्मं होतं. अँटासिड गोळीनंतर दोन तासांनी घ्यावं. गोळी रात्रीच घ्यायला हवी असंही नाही. दोन्हींचा असर दिवसभर टिकतो, त्यामुळे जी वेळ विसरली जाणार नाही ती निवडावी. औषधाच्या माहितीपत्रकातला ग्रेपफ्रूटचा (पपनसासारख्या परदेशी फळाचा) इशारा मोसंबी, लिंबू आणि आपल्या केळीला लागू नाही.

सगळ्यात जास्त घोळ जोडगोळ्यांचा. रोसुवास्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळतात. चिठ्ठीत वेगळी अ‍ॅस्पिरिनही असेल तर ती दुप्पट पोटात जाते आणि जठरातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. तसंच जुन्या ब्रँडची स्ट्रिप घरात असताना जेनेरिक आणलं, की ज्येष्ठ मंडळी दोन्ही घेतात, कारण रंग वेगळा दिसतो. म्हणून ब्रँडचं नाव बाजूला ठेवून स्ट्रिपवरच्या बारीक अक्षरातलं घटकद्रव्य वाचावं. अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरचं इट्राकोनॅझोल लिहून मिळालं, तर स्टॅटिन चालू आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

स्नायूदुखीची भीती फार पसरलेली आहे. खरी स्टॅटिनची दुखी सहसा दोन्ही मांड्यांत किंवा पोटऱ्यांत सारखी जाणवते आणि बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांतच उमटते. कापूस वेचणीच्या किंवा केळीचे घड वाहण्याच्या हंगामात सीके ही स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी तशीही वाढलेली येते, म्हणून रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस जड काम टाळावं. थायरॉइड मंद असेल तर एलडीएलही वाढतं आणि दुखीही, म्हणून थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्यावी. लघवी काळ्या चहासारखी झाली आणि अंग गळून गेलं, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्तातली साखर किंचित वाढू शकते. मधुमेहींनी त्यासाठी गोळी सोडू नये, कारण त्यांना फायदा मोठा. गरोदरपणाचा बेत असेल तर गोळी आधीच डॉक्टरांना विचारून बंद करावी.

गोळीची परीक्षा रिपोर्टवर होते: सुरू केल्यावर 4 ते 12 आठवड्यांनी. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या दुसऱ्या चरबीचा) पाचवा भाग वजा करून काढतात. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हे गणित कोसळतं. लग्नाच्या पंगतीनंतरच्या सकाळी दिलेलं रक्त म्हणूनच फसवतं. तसं झालं तर 12 तास उपाशी राहून पुन्हा द्यावं, किंवा थेट मोजलेलं एलडीएल मागावं. ट्रायग्लिसराइड 500 च्या पुढेच राहिलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती, आणि तिथे ट्रायग्लिसराइड उतरवणाऱ्या फेनोफायब्रेटचा विचार होतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली, तर काही आठवड्यांत आकडे जुन्या जागी परततात. झटका येऊन गेलेल्यांना एलडीएल 55 च्या खाली हवं, लॅबच्या छापील ‘नॉर्मल’ मर्यादेवर समाधान मानू नये.

साठवणीत खान्देशी उन्हाळा आडवा येतो. स्ट्रिपवर बहुधा ‘30 अंशांखाली ठेवा’ असं असतं, आणि मे महिन्यात इथे पारा 45 च्या आसपास जातो. मोटरसायकलची डिकी, पत्र्याखालचं कपाट, खिडकीचा कठडा टाळावा. आतल्या खोलीत, कोरड्या डब्यात ठेवाव्यात आणि स्ट्रिप आधीच फोडून गोळ्या सुट्या करू नयेत.

कुणाचं एलडीएल 190 च्या वर असेल, किंवा टाचेमागच्या कंडरेवर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या जाड दोरीवर) टणक गाठ असेल, तर प्रकार आनुवंशिक असू शकतो. अशा वेळी एका गोळीवर बहुधा भागत नाही, आणि भावंडांसह मुलांचंही रक्त तपासून घ्यावं.